मालवणी स्टँड-अपचा परदेश दौरा: व्हिसा, करार, संहिता, ध्वनी

गजालवालो (धागाकर्ता), कुडाळ

२०२७ च्या दौऱ्याची आखणी चालू आहे, म्हणून हा धागा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नेमकं लिहावं. "शुभेच्छा, कोकणचं नाव काढा" हे प्रतिसाद नंतर चालतील.

कार्यक्रम असा: सव्वा तास, मध्यंतर नाही. साठ मिनिटं एकट्याचं मालवणी स्टँड-अप, मग पंधरा मिनिटं पेटी-मृदंगाच्या साथीने दशावतारी ढंगाचा एक प्रवेश आणि शेवटी गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं मागणं), ज्यात प्रेक्षक "व्हय म्हाराजा" म्हणतात. माणसं चार: कलाकार, पेटीवाला, मृदंगवाला, आणि ध्वनी व वरची भाषांतराची पट्टी सांभाळणारा एक. डोळ्यासमोर अमेरिका, दुबई-अबू धाबी आणि लंडन-लेस्टर. जमलं तर सिंगापूर.

प्रश्न: कुठला देश कधी? व्हिसा कुठला? तिकडच्या मराठी मंडळाशी करार कसा करायचा? मालवणी किती ठेवायची? आणि सामान काय न्यायचं?

---

खाडीपलीकडे

आधी कॅलेंडर. बाकी सगळं त्यावर ठरतं, आणि कोकणातल्या संचाची खरी अडचण इथेच आहे.

आखाताचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद, कुटुंबं भारतात, सभागृहं ओस. पण तुमचे पेटीवाले-मृदंगवाले दशावतारातले असतील तर कार्तिकापासून जत्रा सुरू, पुढे मे अखेरपर्यंत ते मोकळे नाहीत. म्हणजे आखाताला लोक हवे तेव्हा कलाकार नाहीत आणि कलाकार मोकळे तेव्हा लोक नाहीत. यातून वाट एकच: आखातासाठी ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा धरा, जत्रा लागायच्या आत. नाहीतर आखातात फक्त एकट्याचा साठ मिनिटांचा भाग न्या आणि प्रवेश वगळा.

२०२७ मध्ये रमजान साधारण ८ फेब्रुवारी ते ९ मार्च, चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस पुढेमागे. तो महिना सोडून द्या. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस आहे, तरी प्रयोग शनिवारी संध्याकाळीच लावा. रविवारी रात्री नऊनंतर लोक घड्याळ बघायला लागतात.

परवान्याचं. दुबईत तिकीट लावा किंवा फुकट ठेवा, सार्वजनिक कार्यक्रमाला पर्यटन खात्याचा ई-परवाना लागतो, आणि तो अर्ज कार्यक्रम-आयोजनाचा परवाना असलेली स्थानिक कंपनीच करू शकते. मंडळाच्या नावावर होत नाही. कलाकारांचे पासपोर्ट, फोटो, कार्यक्रमाचा मजकूर, जागेचं पत्र हे सगळं त्याच अर्जात जातं. तिकीटविक्रीही सरकारी ई-तिकीट यंत्रणेला जोडलेल्या ठिकाणूनच. "हा आमचा खासगी स्नेहमेळावा आहे" असं म्हणून पर्यटक व्हिसावर माणूस उभा करणाऱ्यांच्या नादी लागू नका. तपासणी झाली की आयोजकाला दंड आणि कलाकाराला पुढच्या वेळी विमानतळावरच परत. अबू धाबीचं खातं वेगळं, परवानाही वेगळा. दुबईचा तिथे चालत नाही.

आणखी एक, जे कोकणातून येणाऱ्यांना नेहमी शेवटच्या आठवड्यात आठवतं: पासपोर्टचं शेवटचं पान बघा. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का असतो. भेटीच्या व्हिसावर तो आडवा येत नाही, पण कामाच्या व्हिसावर आखातात जायचं तर स्थलांतर खात्याची मंजुरी लागते. साथीदारांचे पासपोर्ट आजच मागवा. सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं हेही तेव्हाच तपासून घ्या.

---

बंदर_ते_बे_एरिया

अमेरिकेपुरतं लिहितो.

बी-१/बी-२ या भेटीच्या व्हिसावर तिकीट लावलेला प्रयोग करायचा नाही. मानधन घेतलं नाही तरी नाही. हौशी कलाकाराने सामाजिक कार्यक्रमात विनामोबदला काही करणं वेगळं. ज्याच्या पोस्टरवर "धमाल मालवणी शो" आणि तिकिटाचा दर आहे तो हौशी ठरत नाही. व्हिसा अधिकारी पोस्टर शोधतात, समाजमाध्यमावरचं तर आधी.

तुम्हाला लागणारा वर्ग पी-३: सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण कलेचे कलाकार. क्रम असा:

१. अमेरिकेतला आयोजक किंवा एजंट आय-१२९ अर्ज भरतो. कलाकार स्वतः भरू शकत नाही. अनेक शहरांचा दौरा असेल तर एकाच एजंटच्या नावे, सगळ्या शहरांची तारीखवार यादी आणि प्रत्येक जागेचं पत्र जोडून.
२. सोबत कलाप्रकार वैशिष्ट्यपूर्ण कसा हे सांगणारी तज्ज्ञांची पत्रं. लोककलेचे प्राध्यापक, अकादमीशी संबंधित माणसं, जुन्या संचांचे जाणकार. "उत्तम कलाकार आहेत" एवढ्याने भागत नाही. दशावतार काय, गाऱ्हाणं काय, हे कुठल्या पट्ट्यात चालतं, या संचाची त्यात जागा काय, हे लिहिलेलं हवं.
३. कलाकार संघटनेचं सल्लापत्र. विविधरंगी मंचीय कलांसाठी बहुधा एजीव्हीए (अमेरिकन गिल्ड ऑफ व्हरायटी आर्टिस्ट्स) या संघटनेकडून घेतात. फी असते, वेळ लागतो.
४. तंत्रज्ञाचा अर्ज वेगळा. पेटी-मृदंगवाले संचाचे घटक म्हणून कलाकारांच्या अर्जात येतात, पण ध्वनीवाला साहाय्यक म्हणून वेगळ्या आय-१२९ वर. हे न कळल्यामुळे संच मंजूर आणि तंत्रज्ञ मुंबईत, असं होतं.
५. मंजुरीची नोटीस आली की प्रत्येकाने डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत.

अर्ज पहिल्या प्रयोगाच्या जास्तीत जास्त एक वर्ष आधी भरता येतो. तुम्ही आठ महिने आधी भरा. जलद प्रक्रिया विकत घेता येते, तिची मुदत १५ कामाचे दिवस. पण तेवढ्या दिवसांत "आणखी पुरावे द्या" असंही उत्तर येऊ शकतं आणि मग घड्याळ नव्याने सुरू. फीचे आकडे इथे देत नाही, बदलत राहतात. ना-नफा संस्थेला फी बरीच कमी पडते, म्हणून अर्जदार नोंदणीकृत मंडळ असेल तर बघा.

एक धोका आहे. नुसतं माइकसमोरचं स्टँड-अप पी-३ मध्ये बसवणं अवघड जातं, कारण तपासणारा म्हणतो, हा तर जगभर चालणारा प्रकार. तुमच्या कार्यक्रमातली ती शेवटची पंधरा मिनिटं कागदावर तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहेत. अर्जात कार्यक्रमाचं नाव, वर्णन, छायाचित्रं त्या अंगाने द्या, आणि जे लिहिलंय तेच मंचावर करा. आखातासाठी प्रवेश वगळायचा सल्ला वर दिलाय तो तिथे ठीक. अमेरिकेत वगळलात तर अर्जातला कार्यक्रम आणि प्रत्यक्ष कार्यक्रम वेगळे होतात.

मुलाखत जुलै-ऑगस्टमध्ये पडली तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू धावते आणि दरड कोसळली की तेवढंही नाही. तिथे "गाडी लेट होती" चालत नाही.

---

सुक्या_बाजाराची_वाट

एवढा कागद रंगवण्यापेक्षा यूट्यूबवर टाका, जग बघतं. परदेशातलं मालवणी पब्लिक तसं किती? निम्मे पुणेकर, ते हसायच्या आधी शुद्धलेखन तपासणार.

---

बंदर_ते_बे_एरिया

@सुक्या_बाजाराची_वाट, यूट्यूबवर बघणारा माणूस घरात एकटा हसतो. दौऱ्याचं अर्थकारण त्यावर उभं राहत नाही. पब्लिकचा मुद्दा मात्र खरा आहे. सभागृहात सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे पाच-दहा टक्के धरून चाला, बाकी मुंबई, पुणे, नागपूर. संहितेचं कुणीतरी लिहा.

---

फेडर_शून्यावर

संहितेआधी ध्वनीचं सांगून टाकतो, कारण नाही ऐकू आलं तर संहिता कितीही चांगली असो.

मालवणी हेल वाक्याच्या शेवटी खाली उतरतो आणि विनोदाचा शब्द नेमका तिथेच असतो. घुमणाऱ्या सभागृहात तोच शब्द बुडतो. मंडळं बहुतेक शाळेचं सभागृह किंवा देवळाचा हॉल घेतात: फरशी, उंच छत, मागे काच. त्यासाठी:

हातातला डायनॅमिक माइकच मागा, एसएम५८ किंवा तत्सम. कानाला लावायचा हेडसेट दिसायला छान, पण अशा हॉलमध्ये शिट्टी लवकर मारतो. माइक ओठांपासून तीन-चार सेंटिमीटर, आणि वाक्य संपेपर्यंत तिथेच. आवाज खाली आणताना माइकही खाली आणायची सवय बहुतेकांना असते, ती तालमीत मोडा. मिक्सरवर १०० ते १२० हर्ट्झखालचं कापा, कॉम्प्रेशन ३:१ च्या आसपास. दोन बारा-इंची टॉप स्पीकर पुरेत. सब-वूफर बंद ठेवायला सांगा. डीजेवाला आयोजक असेल तर तो चालू ठेवणारच, म्हणून करारातच लिहा. पेटीला एक, मृदंगाला दोन माइक.

इथून वायरलेस माइकचा संच नेऊ नका. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले जुने वायरलेस माइक जुलै २०२० पासून बेकायदा आहेत, ब्रिटनमध्ये काही वाहिन्यांना परवाना लागतो. इथे स्वस्तात मिळणारा संच नेमका कुठल्या पट्ट्यात चालतो हे खोक्यावर धड लिहिलेलं नसतं. वायरवाला माइक कधीही बरा.

वीज: अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, ब्रिटन-अमिराती-सिंगापूरला २३० व्होल्ट आणि तीन चौकोनी पिनांचा प्लग. लॅपटॉपचा चार्जर दोन्ही झेलतो. पेटीसाठी नेलेला इथला छोटा अ‍ॅम्प्लिफायर झेलेलच असं नाही, मागची पट्टी वाचा.

मृदंगाचं वेगळं. कोकणातल्या दमट हवेत चढवलेलं चामडं तिकडच्या हीटर-एसीच्या कोरड्या हवेत ताणतं आणि सूर वर जातो. प्रयोगाच्या दोन तास आधी वाद्य मंचावर उघडून ठेवा, मगच लावा. पेटी टणक पेटाऱ्यात, पट्ट्यांवर कापड घालून, भाता बांधून.

आणि खुर्च्या. पाचशेच्या सभागृहात दोनशे माणसं आली तर मागच्या रांगा आणि दोन्ही कडा दोरी लावून बंद करा. विखुरलेली माणसं हसत नाहीत, शेजारचा हसला तर हसतात. प्रेक्षागृहातला उजेड पूर्ण घालवू नका, दहा टक्के ठेवा.

---

गजालवालो

फेडरराव, एक नंबर. भाषांतराच्या पट्टीचं काय? तिकडे वाढलेल्या पोरांसाठी आणि अमराठी सुना-जावयांसाठी लावायचा विचार आहे.

---

फेडर_शून्यावर

करता येते, स्टँड-अपला लावू नये असं माझं मत. गणित बघा: दर पाच-सहा सेकंदाला एक पट्टी म्हटलं तर तासाला सहाशेच्या वर पट्ट्या. कलाकार एकदा जरी प्रेक्षकाशी बोलायला थांबला की चालवणारा हरवला. त्याहून वाईट म्हणजे पट्टी आधी उजळली तर वाचणारे आधी हसतात, मग ऐकणारे, आणि कलाकाराची लय दोन्ही बाजूंनी तुटते.

प्रवेश आणि गाऱ्हाणं ठरलेलं असतं, तिथे लावा. दोन ओळींच्या वर नाही, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, काळ्यावर पांढरं, पडदा मंचाच्या वर. विनोदाचा शेवट नेहमी वेगळ्या पट्टीवर, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये एक कोरी काळी. चालवणाऱ्याला मालवणी समजलीच पाहिजे. तिकडचा स्वयंसेवक बसवून होत नाही.

---

आवाठातली_माडी

संहितेवर लिहिते. मालवणी पातळ करू नका. पातळ केलेली मालवणी मालवणी माणसाला खोटी वाटते आणि नागपूरकराला तरीही कळत नाही. प्रस्तावना सगळ्यांच्या मराठीत, फटका मालवणीत. ऐकणाऱ्याला परिस्थिती आधी पक्की कळली की शेवटच्या ओळीतला एखादा शब्द निसटला तरी हसू निसटत नाही.

हाडं दाखवते. गावातल्या मोबाइलच्या रेंजवरचा एक तुकडा घ्या. कुडाळात तो असा उभा राहतो:

"आमच्या वाडयेत रेंज फकत घाटयेवरच्या गडग्यार."

इथले लोक इथेच हसायला लागतात, प्रत्येकाच्या वाडीत तसा एक गडगा आहे. न्यू जर्सीत या वाक्यावर शांतता, कारण घाटी (चढणीची वाट), गडगा (दगडी बांध), वाडी तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. तिथे असं बांधा:

"आमच्या गावात घरं शंभर. मोबाइल अडीचशे. आणि रेंज... एकाच दगडावर. त्या दगडावर उभं राहिलं की फोन लागतो, उतरलं की तुटतो. त्यामुळे आमच्या गावात गुपित नावाची गोष्ट नाही."

चित्र उभं राहिलं. आता मालवणी:

"बायलेवांगडा भांडूचा झाला तरी नंबर लावूचो लागता! आणि मागचो वराडता, 'आटप मेल्या, माका पण भांडूचा हा!'"

"बायलेवांगडा" (बायकोबरोबर) नाही कळलं तरी "भांडूचा" आणि "नंबर" कळतं, आणि रांगेतला मागचा माणूस तर जगात सगळीकडे सारखाच. दगडावरून खाली उतरायची कृती करा, फोन तुटल्याचा चेहरा द्या. अमराठी जावईही तिथे हसतो.

क्रमाचं: पहिली सात-आठ मिनिटं निम्म्याहून जास्त प्रमाण मराठी, वेग इथल्यापेक्षा जरा कमी. त्यात पाच-सहा मालवणी शब्द ठरवून पेरा, जे पुढे पुन्हा पुन्हा येणार आहेत. पंधराव्या मिनिटानंतर संवाद पूर्ण मालवणीत न्या, कान बसलेले असतात.

काय काढायचं: ग्रामपंचायतीचं चालू राजकारण, स्थानिक पुढाऱ्यांच्या नकला, गेल्या पाच वर्षांत सुरू झालेल्या जाहिराती-मालिकांचे उल्लेख. पंधरा-वीस वर्षांपूर्वी देश सोडलेल्याला ते माहीतच नाहीत. त्याचा गाव तो निघाला त्या दिवशीच थांबलाय. लाल डबा, चाकरमान्यांची गर्दी, शिमग्याचे सोंग, चवथीची भजनं, बांगड्याचं तिखलं हे बिनदिक्कत ठेवा.

काय घालायचं: "परदेशातली माणसं किती कंजूस, डिश धुवायला नवऱ्याला लावतात" हे घालू नका. प्रत्येक येणारा कलाकार तेच करतो, मंडळवाले पाठ म्हणून दाखवतील. त्याऐवजी शहरात गेल्यावर यजमानांना चार नेमके प्रश्न विचारा: बर्फ पडला की पहिल्यांदा काय बंद पडतं, मराठी शाळा कुठल्या दिवशी, जेवण कोण करतं, मंडळात भांडण कशावरून होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मंचावर नावं न घेता वापरा. ते हमखास चालतं.

प्रेक्षकाशी बोलताना "काय करता?" विचारू नका. सगळे आयटीत. "गाव खयचा?" विचारा, त्यातून धागा निघतो.

---

खाडीपलीकडे

माडीताई, फार नेमकं. आखातासाठी यात भर.

धर्म, राज्यकर्ते, देशादेशांची तुलना हे बंद, ते सगळ्यांना माहीत असतं. कोकणी संचाला अडकवणारी गोष्ट वेगळी आहे: देवचार, करणी, भगत, उतारा. अमिरातीत जादूटोणा हा फौजदारी गुन्हा आहे. मंचावर विनोद म्हणून लिंबू कापलंत तरी परवान्याच्या मजकुरात ते दिसलं की प्रश्न येतात, आणि मजकुरात नसून मंचावर दिसलं तर जास्त येतात. भुताटकीचा भाग तिथे पूर्ण काढा. गाऱ्हाणंही देवाला उद्देशून न घालता मंडळाच्या अध्यक्षांना घाला: "पार्किंग मेळांदे रे म्हाराजा", "व्हय म्हाराजा". चालीला धक्का लागत नाही.

दुसरं म्हणजे चित्रीकरण. प्रेक्षकांचे चेहरे परवानगीशिवाय चित्रित करून टाकणं तिथे कायद्याने महागात पडतं. प्रेक्षकांशी बोलतानाच्या फिती टाकायच्या असतील तर लेखी संमती, नाहीतर कॅमेरा फक्त मंचावर.

सिंगापूरलाही संहिता आधी द्यावी लागते. मनोरंजन परवाना आयएमडीए या तिथल्या सरकारी माध्यम-नियामकाकडून, अर्ज दोन-अडीच महिने आधी टाका. वंश आणि धर्म या दोन विषयांवर तिथे बारकाईने वाचतात. मूळ मालवणी आणि इंग्रजी गोषवारा दोन्ही जोडा.

---

हिशेबठिशेब

आता पैशाचं. धागाकर्त्याने कराविषयी विचारलंच नाही, नेहमीसारखं.

परदेशी कलाकाराच्या मानधनातून स्रोतावर कापले जाणारे दर: अमेरिका ३० टक्के, तेही एकूण रकमेवर, खर्च वजा न करता. ब्रिटन २० टक्के, पण करवर्षातली रक्कम १२,५७० पौंडांच्या आत असेल तर कापायची गरज पडत नाही. कॅनडा १५, सिंगापूर १५. अमिरातीत व्यक्तीच्या मानधनावर आयकर नाही.

अमेरिकेतले ३० टक्के कमी करून घेता येतात. दौऱ्याचं अंदाजपत्रक देऊन करखात्याशी आधीच करार करायचा, फॉर्म १३९३०. पहिल्या प्रयोगाच्या किमान ४५ दिवस आधी पोचला पाहिजे आणि अपेक्षित उत्पन्न किमान १०,००० डॉलर असावं लागतं. मग निव्वळ उत्पन्नावर कर लागतो. ब्रिटनमध्ये याच कामाचा फॉर्म एफईयू-८, पैसे मिळायच्या ३० दिवस आधी.

कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय शहर सोडू नका असं म्हणणार होते, पण अमेरिकेत १०४२-एस पुढच्या वर्षी मिळतो. तेव्हा करारात लिहून घ्या की तो पाठवणं मंडळाची जबाबदारी. भारतात जगभरातल्या उत्पन्नावर कर भरावा लागतो आणि बाहेर भरलेल्या कराची वजावट पुराव्याशिवाय मिळत नाही. आजवर त्यासाठी फॉर्म ६७ होता, नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदललेत, आपल्या सीएला विचारा.

जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीसाठी एलयूटी (हमीपत्र) दरवर्षी भरा आणि मानधन परकीय चलनात बँकेतच घ्या. मुंबईच्या प्रायोजकाने रुपयांत दिलेले पैसे निर्यातीत धरत नाहीत, प्रयोग लंडनला झाला तरी.

रोख पाकिटं घेऊ नका. भारतात येताना नोटा ५,००० डॉलरच्या वर किंवा सगळं मिळून १०,००० च्या वर असेल तर विमानतळावर घोषणापत्र भरावं लागतं. बँकेत आलेल्या पैशाला असले प्रश्न नाहीत.

---

बंदर_ते_बे_एरिया

कराराचं मी पुढे नेतो.

मंडळं दोन तऱ्हांनी पैसे देतात: ठरलेलं मानधन, किंवा तिकिटात वाटा. दोन्हींचा मेळ उत्तम: ठरावीक किमान रक्कम, आणि खर्च वजा जाता उरलेल्यात टक्केवारी, यातलं जे जास्त ते. उदाहरणापुरते आकडे घ्या: २५० खुर्च्या, ३० डॉलर तिकीट, १८० विकली तर ५,४०० डॉलर. सभागृह, विमा, ध्वनी, जेवण मिळून २,२०० गेले. उरले ३,२००, त्यात सत्तर टक्के म्हणजे २,२४०. किमान रक्कम १,८०० ठरली असेल तर तुम्हाला २,२४० मिळतात, आणि शंभरच तिकिटं गेली तरी १,८०० सुटत नाहीत. कुठला खर्च आधी वजा होणार याची यादी करारातच जोडा. "इतर खर्च" ही ओळ खोडा.

अमेरिकेत सभागृहं बहुधा दहा लाख डॉलरचा कार्यक्रम-विमा मागतात. तो मंडळाने काढायचा. शाळेच्या सभागृहात दहाला शिपाई दिवे बंद करतो आणि पुढच्या प्रत्येक तासाचे जादा पैसे लागतात. मराठी कार्यक्रम पंचेचाळीस मिनिटं उशिरा सुरू होतो हे धरून वेळ घ्या.

आठवड्याची रचना: शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार दुपार. तीन प्रयोग तीन शहरांत, एकमेकांपासून मोटारीने चार तासांच्या आत. सोमवार ते गुरुवार कमाई शून्य आणि खर्च चालू, म्हणून ते दिवस यजमानांच्या घरी, हे करारात.

बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं. त्या वर्षी लोकांचा खिसा आणि रजा दोन्ही तिकडे जातात. अधिवेशनाच्या आगेमागे दीड महिना जवळपासच्या शहरात तारीख घेऊ नका.

सगळ्यात भरलेले प्रयोग गणपतीनंतरच्या दोन शनिवार-रविवारी होतात. २०२७ ची चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी. म्हणजे ११-१२ आणि १८-१९ सोन्याचे दिवस.

---

आवाठातली_माडी

सोन्याचे दिवस खरे, पण कोकणातला पेटीवाला घरचा गणपती आणि आवाठातली (वाडीतली) भजनं टाकून चवथीला विमानात बसेल का, हे आधी विचारा. दीड दिवसाचा असेल तर जमेल. अकरा किंवा एकवीस दिवसांचा असेल तर नाव काढू नका. पासपोर्टच्या आधी विचारायचा प्रश्न आहे हा.

---

लेस्टरचो_पावणो

ब्रिटनचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सशुल्क निमंत्रित कार्यक्रमासाठी जानेवारी २०२४ अखेरपासून वेगळा व्हिसा राहिला नाही, साध्या व्हिजिटर व्हिसातच ती मुभा आहे. अटी: निमंत्रण ब्रिटनमधल्या कला-मनोरंजन क्षेत्रातल्या संस्थेचं किंवा एजंटचं, कार्यक्रम निघण्याआधी ठरलेला, आणि देशात आल्यापासून ३० दिवसांत उरकलेला. अर्जात हे स्पष्ट लिहायचं, फिरायला चाललो असं नाही. नुसत्या भिशी-मंडळाचं पत्र कमी पडतं. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, त्यांच्यासारखी सांस्कृतिक कार्यक्रमांची नोंद असलेली संस्था किंवा एखादा एजंट निमंत्रक म्हणून बघा. तीस दिवसांत चार-पाच शनिवार-रविवार मिळतात, तेवढ्यात लंडन, लेस्टर, मँचेस्टर, बर्मिंगहॅम होऊन जातं.

एडिंबराचा फ्रिंज हा कला महोत्सव ऑगस्टमध्ये असतो. तिथे मालवणीत जायचं तर हौस म्हणून जा. महिनाभर रोज प्रयोग, प्रेक्षक इंग्रजीभाषक, आणि जागेचं भाडं आधी. कमाईच्या हिशेबात धरू नका.

---

गजालवालो

सगळ्यांचे आभार मानत नाही, अजून विचारायचंय. गाऱ्हाण्यासाठी नारळ, अगरबत्ती, दशावतारी तलवार आणि मुकुट. काय नेऊ, काय नको?

---

लेस्टरचो_पावणो

अगरबत्ती पेटवू नका. तिकडच्या सभागृहात धुराचे संवेदक असतात, घंटा वाजली की अख्खी इमारत बाहेर, अग्निशमन गाडी दारात, आणि बिल मंडळाला. कापूर तर नावच नको. विजेवरची पणती मिळते, ती ठेवा.

तलवार लाकडी असली तरी चेक-इन सामानातच. मुकुटाला खरे पिसारे असतील तर काढा, कागदी लावा. ऑस्ट्रेलियाचा बेत झाला तर मृदंगाचं चामडं, पिसं, लाकूड सगळं जैवसुरक्षा अर्जावर लिहून दाखवावं लागतं. लिहिलंत तर बहुधा बघून सोडतात, लपवलंत तर दंड. मृदंगाला लावायची कणीक तिकडेच मळा. यजमानांसाठी आंबे, सुकी मासळी, घरची कोकमं नेऊ नका, अमेरिकेत आंबे जातीने काढून घेतात.

---

बंदर_ते_बे_एरिया

नारळ तिकडच्या भारतीय दुकानात घ्या. पण तिथले नारळ बहुतेक सोललेले, शेंडी काढलेले असतात. शेंडीवाला हवा असेल तर देवळाजवळच्या दुकानात आठवडाभर आधी यजमानांना सांगून ठेवा. मंचावर फोडू नका, नुसता हातात धरा. शाळेच्या लाकडी मंचावर पाणी सांडलं की अनामत रक्कम जाते.

---

सुक्या_बाजाराची_वाट

तारखा ठरल्या की इथेच टाका. न्यू जर्सीत चुलत भाऊ आहे, त्याला दोन तिकिटं काढायला लावतो. फुकट पास मागणार, पण देऊ नका.